पाटाची वाट आणि सवडीची सायकल



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला जात असताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले, "कालव्याच्या काठाने आणि द्राक्षांच्या मळ्यांतून सायकलीवर रमतगमत हिंडायचे, यात व्याख्यान देण्याजोगा इतिहास तो कोणता?" प्रश्न रास्त आहे. आपल्या मुलखात सायकल ही कामाला जाण्याची वस्तू. दूध घालणारा, टपाल वाटणारा, सोलापुरात गिरणीच्या पहिल्या पाळीला अंधारात निघणारा कामगार, पंचक्रोशीतून शाळेला येणारी पोरे, ही आपल्या सायकलीची मंडळी. मुरुमहून येणेगूरच्या रस्त्याला एखादा प्रौढ माणूस सायकलीवर निघाला आणि "कुठे निघालात?" या प्रश्नाला त्याने "कुठे नाही, सहज" असे उत्तर दिले, तर विचारणारा वळून पाहील आणि घरी जाऊन सांगेल की, अमक्याचे काहीतरी बिनसले आहे. त्या 'सहज' शब्दाचा इतिहास आज मला सांगावयाचा आहे. तो शब्द उच्चारता यावा म्हणून पुष्कळांनी पुष्कळ काही सोसले आहे.

प्रथम एक चित्र डोळ्यांपुढे आणा. फ्रान्स देशाच्या दक्षिणेस तुलूझ नावाचे शहर आहे. तेथून भूमध्य समुद्राकडे जवळजवळ २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा जातो. त्याचे नाव कनाल द्यु मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा. दोन्ही काठांना उंच झाडांची रांग, पाण्यावर त्यांची सावली, बाजूला एक सपाट पायवाट आणि तिच्या पलीकडे दृष्टी पोचेल तेथवर द्राक्षांचे मळे. या वाटेने उन्हाळ्यात माणसे सायकलीवर जातात. मागे दोन पिशव्या, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर. मध्येच उतरावे, पाव आणि चीज खावे, कालव्याच्या दरवाज्यातून नाव वर चढताना पाहावी, संध्याकाळी एखाद्या खेड्यात मुक्काम करावा. घाई कोणाला नसते. आता हे सारे इतके गोड दिसते की, देवाने ते असेच घडवून ठेवले असावे असे वाटू लागते. म्हणून ते कोणी घडवले हे पाहू.

ज्याने हा कालवा खोदविला तो पिएर-पॉल रिके हा अभियंता नव्हता. तो मिठावरचा कर वसूल करणारा मक्तेदार होता. त्या करातून त्याने अमाप पैसा मिळविला, आणि म्हातारपणी तो या कालव्यात घातला. चौदाव्या लुईची परवानगी १६६६ मध्ये मिळाली. अटलांटिककडचे धान्य आणि दारू स्पेनला वळसा न घालता भूमध्य समुद्राकडे न्यावी, असा हेतू. अडचण एकच, पण मोठी होती. दोन समुद्रांच्या मध्ये जमीन उंच आहे, आणि नाव चढण चढत नाही. दरवाजे बांधून पाण्याच्या पायऱ्या करता येतात; परंतु त्या पायऱ्यांच्या माथ्यावर सतत पाणी लागते. ते कोठून आणावयाचे? रिकेने जवळच्या काळ्या पहाडातले ओढे वळविले, सां-फेरेओल येथे मोठे धरण बांधून ते पाणी साठविले आणि बरोबर माथ्यावर आणून सोडले. काम चौदा-पंधरा वर्षे चालले. एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसे खपत असत. त्यांत बायका होत्याच. कालवा १६८१ मध्ये खुला झाला. रिके त्याच्या काही महिने आधी, १६८० मध्येच वारला होता.

या माणसाची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे मला ती लागणार आहे. तो मजुरांना महिन्याचा पगार देई, आणि पावसाचे दिवस, रविवार, सणवार आणि आजारपण यांचे पैसे कापीत नसे. उदारपणा म्हणावा, तर तसे नाही. शेतीच्या कामावरून माणसे ओढून आणावयाची तर काही अधिक द्यावे लागणारच. पण सतराव्या शतकात, मीठ-कराच्या मक्तेदाराने, बसल्या दिवसाचा पगार दिला, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

काठची ती पायवाट कशासाठी होती? घोड्यांसाठी. घोडा काठाने चाले आणि दोराने नाव ओढी. घोड्याला चढउतार नको, म्हणून वाट सपाट. पुढे १८५७ मध्ये त्याच बाजूने आगगाडी धावू लागली आणि कालव्याचा धंदा उतरणीस लागला. घोडे गेले. विसाव्या शतकात मालाच्या नावाही गेल्या. मागे राहिली ती रिकामी वाट, आणि तिच्यावर सायकली आल्या. कामाची जागा ओस पडली, की पन्नासएक वर्षांनी लोक तिला रम्य म्हणू लागतात!

आता आपल्याकडे वळू. दख्खनच्या पठारावर नावा चालणारे कालवे नाहीत. आपल्याकडे जुन्या काळी पाणी अडविले गेले ते किल्ल्यांसाठी आणि शहरांसाठी. आपल्या शेजारच्या नळदुर्गात बोरी नदीवर १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, धरण बांधले आणि त्याच्या पोटात पाणीमहाल काढला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहावयास आपण सारेच जातो. औरंगाबादेस मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर काढली. पण ती जमिनीखालून जाते, तिच्या काठाने हिंडण्याची सोय नाही. शेतीसाठी लांबवर नेलेले उघडे पाट इंग्रजी अमलात आले. आपल्याला सर्वांत जवळचा जुना पाट म्हणजे सोलापूरजवळच्या एकरुख तलावाचा, ज्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात. तो १८७१ मध्ये पुरा झाला. आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात होतो. सरहद्दीपलीकडचे पाणी आपल्याला फक्त दिसत असे.

मग १८७६ चा दुष्काळ आला. नीरा डाव्या कालव्याचे काम त्या साली दुष्काळी काम म्हणून सुरू झाले आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी खेळू लागले. बारामतीचा आजचा हिरवा मुलूख त्या पाण्याचा आहे. पण तो खोदला कोणी? उपाशी माणसांनी. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने १८७७ च्या आरंभी ठरविले की, दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा पुरे. एक रत्तल म्हणजे अर्धा किलोहूनही थोडे कमी. तेवढ्यावर दिवसभर कुदळ मारावयाची. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, या मजुरीविरुद्ध सरकारकडे अर्जांवर अर्ज केले, आणि मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. उपाशी माणसाने मजुरी नाकारावी म्हणजे ती मजुरी काय असेल, याची कल्पना करा. रिकेची गोष्ट लक्षात ठेवा म्हणालो ती एवढ्यासाठी. त्याने पावसाच्या दिवसाचा पगार दिला, त्याला दोनशे वर्षे होत आली असता आपल्याकडे पोटापुरत्या धान्याचा हा हिशेब चालला होता.

आपल्या पाटालाही बाजूने वाट असते. घोड्यासाठी नव्हे, पाटकऱ्यासाठी. पाट हा डोंगराच्या अंगाने, एकाच पातळीच्या रेषेवर, अगदी किंचित उतार घेत चालतो. फार उतार दिला तर पाणी माती धुऊन नेईल, कमी दिला तर गाळ बसेल. म्हणून तो वळणे घेत जातो, आणि त्याच्या काठची वाटही वळते, पण चढत नाही. सायकलवाल्यास याहून अधिक काय हवे? फ्रान्सच्या कालव्यावर दर दरवाज्याजवळ थोडी चढण लागते. आमचा पाट तेवढाही त्रास देत नाही. उन्हाचे तेवढे बोलू नका.

द्राक्षांकडे येतो. दारूच्या नावाने समोरची माताभगिनी मंडळी अस्वस्थ होतील, म्हणून आधीच सांगतो की, फ्रान्समध्ये सवडीच्या सायकलयात्रेचा जनक मानला जाणारा पॉल द व्हिव्ही हा शाकाहारी होता आणि निदान वाटेत तरी दारू, मांस व तंबाखू वर्ज्य करा, असा त्याचा उपदेश होता. सेंट एत्येन गावचा हा रेशमाचा व्यापारी पुढे सायकलीचा दुकानदार झाला. चढावर दात बदलून पायडल हलके करणारे गिअर रूढ व्हावेत म्हणून तो आयुष्यभर झगडला. शर्यतवाले त्याला हसत. १९०३ मध्ये सुरू झालेल्या फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत मुभा नव्हती. रमतगमत जाणाऱ्यांनी जी सोय शोधली ती धावणाऱ्यांनी चाळीस वर्षांनी घेतली.

तर द्राक्षे. हे फळ आपल्याकडे पाहुणे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे त्याने लिहून ठेवले. यात तथ्य आहे. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते. आपली वेल झोपतच नाही. तिला सक्तीने थांबवावे लागते. म्हणून आपला बागायतदार एप्रिलमध्ये एकदा खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा फळाची छाटणी, आणि माल फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे आपल्या वसंत व्याख्यानांच्या तोंडावर तयार होतो.

फ्रान्सच्या द्राक्षांवर एकोणिसाव्या शतकात एकापाठोपाठ एक संकटे आली. १८६३ च्या सुमारास दक्षिणेतल्या मळ्यांत वेली वाळू लागल्या. १८६८ मध्ये माँपेलिएच्या प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सोबत्यांनी मुळाशी एक सूक्ष्म पिवळा किडा दाखविला. तो अमेरिकेतून आला होता. उपायही अमेरिकेतूनच आला: तिकडच्या रानवेलीच्या मुळाला तो किडा मारत नाही, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच कलम. आपल्याकडे तो किडा हे कारण नव्हते. खारट पाणी आणि पाण्याची ओढ ही आपली दुखणी. पण तोडगा तोच निघाला. आज सोलापूरकडच्या किंवा नाशिककडच्या पुष्कळ बागांत जमिनीखाली टेक्सासच्या रानवेलीचा 'डॉगरिज' खुंट असतो.

याहून मजेची गोष्ट बोर्दोची. तेथील मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षे वाटसरू तोडून खात. शेतकऱ्यांनी युक्ती काढली. मोरचूद आणि चुना कालवून निळसर रंग कडेच्या ओळींवर शिंपडावयाचा. विषारी दिसला की लोक हात लावणार नाहीत. १८८२ मध्ये पिएर मिलार्दे हा प्राध्यापक तेथून जात असता त्याला दिसले की, साऱ्या मळ्याला केवडा रोग झाला आहे, पण रस्त्याकडेच्या त्या निळ्या ओळी मात्र हिरव्यागार आहेत. १८८५ मध्ये त्याने औषध म्हणून तेच मिश्रण प्रसिद्ध केले. आज आपला बागायतदार केवड्याला 'डाउनी' म्हणतो आणि पंप पाठीवर घेऊन 'बोर्डो' मारतो, तेव्हा तो बोर्दोच्या चोरांचे आणि हळू चालणाऱ्या एका प्राध्यापकाचे देणे वापरत असतो. हे गृहस्थ आगगाडीतून गेले असते तर?

आणि हे संपले नाही. रोग गेले, पीक वाढले, साखर-पाणी घालून बनावट दारू निघू लागली, भाव कोसळले. १९०७ मध्ये दक्षिणेतले द्राक्षकरी लाखांनी रस्त्यावर आले आणि नार्बोन गावात सैन्याने गोळी चालविली, माणसे मेली. आज ज्या खेड्यांत सायकलवाले मुक्काम करतात, त्यांतलीच ही खेडी. भाव पडल्यावर काय होते, हे या सभागृहात मी समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या मुलखातले जवळचे नाव सांगावयाचे तर सोलापूरजवळच्या नान्नजचे. पक्षिप्रेमी ते माळढोकासाठी ओळखतात. तेथील नानासाहेब काळे यांनी थॉमसन जातीतून लांबट मण्यांची एक नवी जात निवडून काढली आणि तिचे नाव ठेवले 'सोनाका': सोलापूर, नान्नज, काळे. पर्जन्यछायेतल्या माळावर द्राक्ष पिकविणे ही विहिरीच्या आणि पंपाच्या जोरावरची गोष्ट आहे.

पंपावरून आठवले. सायकलीचा आणि पंपाचा संबंध आपल्या मराठी मुलखात फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलीचे दुकान काढले. ते सायकली विकत, दुरुस्त करत आणि लोकांना चालवावयास शिकवीतही. त्यांची कंपनी आपला आरंभ १८८८ पासून मोजते. सायकल त्या वेळी नव्याची नवलाई होती. दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल इंग्लंडातच १८८५ मध्ये निघाली आणि हवेचे टायर १८८८ मध्ये. त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि नंतर पंप व इंजिने आली. नांगराच्या आधी सायकल! बेळगावच्या हौशी माणसांच्या चैनीच्या वस्तूने शेतकऱ्याच्या अवजारांना भांडवल आणि हात दिले. चैनीला नावे ठेवणाऱ्यांनी हे एकदा ऐकून ठेवावे.

पण यंत्र आले, सपाट वाट आली, मळे आले, तरी सवड कोठून येणार? ती आपोआप येत नाही. फ्रान्समध्ये सायकल स्वस्त झाल्यावर कामगार तिच्यावर बसून कारखान्यात जात आणि परत येत, बस, एवढेच. रमतगमत फिरणे पैसेवाल्यांचे. १९३६ मध्ये लेऑं ब्लूम यांचे सरकार आले, देशभर संप झाले आणि २० जून १९३६ च्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात हजारो जोडपी दोघांच्या एका सायकलीवर बसून, तंबू बांधून, गावोगाव निघाली. अनेकांनी समुद्र त्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. जुन्या छायाचित्रांतली ती माणसे हसताना दिसतात, आणि थोडी बुजलेलीही. काम नसताना रस्त्यावर काय करावे, याची त्यांना सवय नव्हती.

आपल्याकडे तो मान नारायण मेघाजी लोखंडे यांचा. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. मुंबईचा गिरणी कामगार आठवड्यातला एकही दिवस हक्काने मोकळा नसे. लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. रविवार खंडोबाचा वार, असेही त्यांनी मांडल्याचे सांगतात. आज नाशिककर थंडीतल्या रविवारी सकाळी सायकली काढून गंगापूर धरणाच्या बाजूने द्राक्षमळ्यांकडे जातात. तो रविवार त्यांना मेसोपोटेमियातून आलेला असो की इंग्रजांकडून. गिरणगावात तो लोखंड्यांनी आणला.

सायकलीवर जग पाहिलेली माणसेही आपल्या मुंबईने दिली आहेत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण निघाले, त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी जगप्रदक्षिणा पुरी करून परतले. चव्वेचाळीस हजार मैल. धन्य आहे त्यांची. पण वाळवंटे आणि आल्प्स ओलांडणे हा पराक्रम झाला. त्याला सवड म्हणता येत नाही, म्हणून त्यांना नमस्कार करून मी पुढे जातो.

आपल्या रक्तात सावकाश जाणे नाही, असे कोणी म्हणू नये. पंढरीची वारी आहे. कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेवर रात्रभर माणसे चालत असतात. पण तेथेही कोणी विचारले तर उत्तर असते, 'आईच्या दर्शनाला'. नुसते 'सहज' म्हणण्याचे धैर्य आपल्याला अजून येत नाही, आणि ते आपल्या गरिबीचे उरलेले सोने आहे की ओझे, हे मला ठरविता येत नाही.

जाता जाता घरची एक आठवण सांगतो. माझे मामा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. तीस वर्षे त्यांनी त्या काठाने सायकल मारली. सायकल शिकलो ती मी त्यांच्याचकडे, त्रिकोणातून पाय घालून, हाफ पायडल. गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. सायकलीच्या दांड्याला त्यांनी दरवाज्याची लोखंडी किल्ली बांधलेली असे. रात्री-अपरात्री पाळीचे पाणी चुकले की बांधावर भांडणे होत, आणि मामांना उठवावयास माणूस येई.

ते निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात मी गेलो आणि म्हणालो, "मामा, चला, पाटाने फिरून येऊ. आज काही काम नाही."

"काम नाही तर जायचे कशाला?" ते म्हणाले. पण निघाले. एका बाजूला पाणी, एका बाजूला ऊस आणि मध्येच एखादा द्राक्षाचा मांडव. मी त्यांना फ्रान्सचा तो कालवा, तिथली झाडे, सुटीवर आलेली माणसे यांचे वर्णन करीत होतो. ते हूं-हूं करीत होते. पहिल्या चारीशी आल्यावर ते उतरले, सायकल बांधाला टेकवली, दरवाज्याला हात लावून पाहिला आणि पुन्हा बसले. दुसऱ्या चारीशी तेच. तिसऱ्या चारीला दरवाजा थोडा गळत होता. मामा खाली बसले, ओल्या मातीचा गोळा केला, फटीत दाबला, हात धुतले. मग तसेच काठावर पाय सोडून बसून राहिले. मी काही बोललो नाही. पलीकडे बगळे होते, मळ्यात कोणीतरी छाटणीच्या काड्या गोळा करीत होते. बराच वेळ गेला.

"अरे," मामा म्हणाले, "हा पाट इथे वळतो, हे मी बसून कधी पाहिलेच नव्हते."